कंसातलं कोण वाचतं?

माझ्या मोठ्या जावेला घरात, गल्लीत आणि कारखान्यात सगळे नाटकी म्हणायचे. मी लग्न होऊन आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला ओट्यापाशी बाजूला घेऊन सांगितलं, "मोठी जरा नाटकी आहे. तिच्या नादाला लागू नकोस." मी लागले. चांगलीच लागले. आता कोणी तिला त्या नावाने हाक मारली की मी अंगावर धावून जाते आणि तीच मला मागे ओढते. म्हणते, "असू दे गं, खोटं काय आहे त्यात?"

तिची नाटकं म्हणजे काय, तर भाऊजींशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, बिनसलं की ती त्यांच्याशी बोलायची नाही, कपाटाशी बोलायची. भाऊजी समोर बसून जेवतायत आणि ही कपाटाकडे तोंड करून, "ऐकलंस का रे बाबा, काही लोकांना सांगितलेली वस्तू आणायची आठवण राहत नाही, पण मित्रांकडे जायची बरोब्बर राहते." भाऊजी बिचारे खाली मान घालून घास गिळायचे. शेजारणींचं भांडण झालं तर ते बघायला आम्हाला जिना उतरावा लागायचा नाही. ही घरी येऊन दोघींचे आवाज काढून, मधेमधे त्यांच्या नवऱ्यांची तोंडं करून, मूळ भांडणापेक्षा चांगलं भांडण दाखवायची. सासूबाई पोट धरून हसायच्या आणि हसून झालं की म्हणायच्या, "पुरे झाली नाटकं."

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, थंड पेयांच्या. बाजारातून परत आलेल्या रिकाम्या बाटल्या तिथे धुतल्या जातात, पट्ट्यावरून सरकत पुढे जातात, भरल्या जातात आणि त्यांना झाकणं बसतात. वाटेत एक दिव्याची खिडकी आहे. तिच्यासमोरून बाटली गेली की उजेडात तडा दिसतो, तळाशी राहिलेली घाण दिसते, आणि खिडकीपाशी बसलेल्या बायका अशी बाटली झटकन उचलून बाजूला काढतात. ताई त्या खिडकीशी बसायची. (घरात सगळे काहीही म्हणोत, मी तिला ताईच म्हणते.) मी जरा पुढे, बरोबर समोर, खोकी भरायला.

आणि आवाज! अहो, काचेवर काच आपटण्याचा आवाज काय असतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बायका हातांनी बोलतो. ते कोणी शिकवत नाही आणि शिकल्याशिवाय कोणी राहत नाही. अंगठा ओठाला लावला की चहा. खांद्यावर दोन बोटं ठेवली की सुपरवायझर, कारण त्याच्या खांद्याला शिट्टी लटकलेली असते, जी त्या गोंगाटात त्याची त्यालासुद्धा ऐकू येत नाही. नाक चिमटीत धरलं की वेल्फेअरसाहेब, म्हणजे कामगारांचं भलं बघायला नेमलेला साहेब, कारण तो आमच्याकडे आला की नाकाला रुमाल लावूनच येतो. भांडणं, लग्नं, सासवांच्या चुगल्या, सगळं आम्ही हातांनी करतो. एकदा एकीने असा काही विनोद हातांनी सांगितला की अख्खी रांग हसून बेजार झाली आणि बाटल्या पुढे निघून गेल्या.

आमच्यातली एक होती, बारकी. अंगाने एवढीशी, म्हणून बारकी. ती ताईच्या शेजारी बसायची. भरणीचं यंत्र जिथे गॅस मारतं, तिथे तडा गेलेली बाटली कधीकधी फुटते, म्हणून त्या बाजूला बसणारीने जाड काचेचा चष्मा लावायचा असा नियम आहे. नियम भिंतीवर लावलेला आहे. चष्मे मात्र मोजकेच होते आणि त्यांतले निम्मे मोडलेले. त्या दिवशी बारकीला भरणीशेजारी बसवलं. तिने सुपरवायझरला हाताने विचारलं. दोन्ही डोळ्यांभोवती बोटांची गोल कडी, मग तळवा पुढे करून बोटं आपल्याकडे. चष्मा द्या. त्याने दोन्ही तळवे उलटे करून झटकले. नाहीत. मी खोक्यांपाशी समोर उभी होते, मी बघितलं. सगळ्या रांगेने बघितलं.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी बाटली फुटली आणि बारकीचा एक डोळा गेला.

मग चौकशी बसली. वेल्फेअरसाहेब टेबलामागे, शेजारी लिहून घ्यायला कारकून. रांगेतल्या बायकांना एकेक करून आत बोलावलं. खोकीवाल्यांना कशाला बोलावतील, आम्ही कोण! आत एकच प्रश्न. "तिने चष्मा मागितला हे तुम्ही ऐकलं का?" आता काय सांगणार? बायका साध्या. म्हणाल्या, "नाही ऐकलं." खरंच होतं ते. तिथे कोणी कधी कोणाचं काही ऐकलेलं नाही. एक बाहेर आली, दुसरी आली, तिसरी आली, आणि व्हरांड्यात सगळ्या एकमेकींना काय विचारलं ते सांगायला लागल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तोवर कागद भरला होता.

ताई शेवटी आत गेली होती. ती म्हणाली, "ऐकलं नाही, पाहिलं." कारकुनाने लिहिलं, ऐकलं नाही. ताई म्हणाली, "पुढचं पण लिहा." साहेब म्हणाले, "विचारलं तेवढंच लिहायचं असतं. या तुम्ही."

ती बाहेर आली ती लालबुंद होऊन. चौकशीचा निकाल लागला, स्वतःचा निष्काळजीपणा. बारकीला घरी बसवलं.

याहून वाईट पुढेच होतं. आम्ही बारकीला भेटायला गेलो. खिडकी बंद करून पलंगावर बसली होती, डोळ्यावर पट्टी. ताईने चौकशीत काय झालं ते सांगितलं, तर बारकी म्हणाली, "जाऊ दे. मीच विसरले असेन."

"विसरलीस? तू मागितलास! माझ्यासमोर मागितलास!"

"मला त्या दिवसाचं काही धड आठवत नाही गं. घरचे पण म्हणतात, तू आहेसच धांदरट. एवढी माणसं म्हणतात तर असेल."

"मला आठवतंय."

बारकी हलकेच हसली. "तू नाटकी. तुझं कोण खरं धरणार?"

परत येताना ताई रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर कपाटाशीसुद्धा बोलली नाही. मला धास्ती वाटली. ती दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेली, त्यांनी सांगितलं प्रकरण संपलं, कागद वर गेला. सुपरवायझरकडे गेली, तो ताकास तूर लागू देईना. भाऊजी म्हणाले, "तुला काय पडलंय? नोकरी जाईल." तेव्हा तिला वाचा फुटली. कपाटाला म्हणाली, "ऐकलंस, एका बाईचा डोळा गेला आणि वर तिलाच आंधळी ठरवलं, आणि मी काय करू, तर गप्प बसू!"

आता नाटकाचं सांगते. आमच्या कारखान्याचा वर्धापनदिन असतो. मालक येतात, मालकांचे पाहुणे येतात, पहिल्या रांगेत सोफे मांडतात आणि कामगार नाटक करतात. दरवर्षी कुठलं तरी जुनंपानं विनोदी नाटक, त्यात पुरुष बायकांचे कपडे घालून पडतात धडपडतात आणि आम्ही हसतो. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की कामगारांनी स्वतः नाटक लिहावं. शिकवायला एक नाटकवाले मास्तर आणले. उंच, वाकलेले, सतत खोकणारे, पण माणूस चांगला. शिफ्ट सुटल्यावर कँटीनमधे वर्ग. पहिल्या दिवशी गर्दी, दुसऱ्या दिवशी निम्मे, मग उरलो आम्ही मूठभर बायका. मी का गेले? ताईने हात धरून नेलं म्हणून.

मास्तर सांगायचे, नाटक म्हणजे संघर्ष. एकाला काहीतरी हवं असतं आणि दुसरा ते देत नाही. ताई म्हणाली, "मग आमच्याकडे नाटकाला तोटा नाही." मास्तरांनी सांगितलं, पात्र काय म्हणतं त्यापेक्षा काय करतं त्यावरून ते कळतं. रंगमंचावर एकटंच बोलतं ते स्वगत, आणि शेजारच्याला ऐकू जाऊनही न गेल्यासारखं धरायचं ते जनांतिक. मी म्हटलं, "म्हणजे ताईचं कपाट!" मास्तरांना कपाटाची गोष्ट सांगावी लागली. खोकला लागेपर्यंत हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही निम्मं शिकूनच आलायत."

एकदा नाटकांचे प्रकार सांगत होते. शेवटी नाश होतो, रडू येतं, ती शोकांतिका. शेवट गोड होतो ती सुखात्मिका. नुसता धुडगूस घातला की प्रहसन. ताई वहीत लिहीत नव्हती, हाताची घडी घालून ऐकत होती.

"मास्तर, रडू आलं तर एक, हसू आलं तर दुसरं. आणि राग आला तर?"

मास्तर म्हणाले, "रागाचा वेगळा प्रकार नाही."

"का नाही? आम्हाला सगळ्यात जास्त तोच येतो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही लिहा. प्रकाराला नाव मागाहून देऊ."

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तिने बरोबर उचलली. म्हणाले, कधीकधी प्रेक्षकांना जे माहीत असतं ते रंगमंचावरच्या पात्राला माहीत नसतं. प्रेक्षक जाणून असतात आणि ते पात्र खुशाल हसत असतं. त्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. ताईने विचारलं, "ते पात्र रंगमंचावरच असावं लागतं का?" मास्तर म्हणाले, "म्हणजे?" ती म्हणाली, "काही नाही, सहज विचारलं."

सहज! ती बाई सहज काही विचारत नाही.

तिने नाटक लिहिलं. दोन भाग. पहिल्या भागात आमची पट्ट्याची रांग, ऐकू न येणारी शिट्टी, चहासाठीची ओढाताण, नुसता हशा. दुसऱ्या भागात बाटली फुटते, चौकशी बसते, आणि शेवटी डोळा गेलेली बाई उभी राहून म्हणते, "मी चष्मा मागितला होता. मला नाही म्हणाले." एवढंच. पुढे पडदा. मला ते वाचून हुंदका आला आणि मला काही सहज हुंदका येत नाही.

संहिता मंजुरीला वेल्फेअरसाहेबांकडे गेली. परत आली ती लाल शाईने न्हाऊन. दुसऱ्या भागातला एकूण एक संवाद कापला होता. साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं, बरोबर मास्तरांनाही. मोठ्या प्रेमाने म्हणाले, "पहिला भाग झकास. मालकांना आवडेल. हे रडगाणं कशाला? पाहुणे येणार, हलकंफुलकं काहीतरी हवं."

मी म्हटलं, "मग दुसरा भाग सगळाच काढायचा का?"

"वेळ भरायला हवा तर मूक दृश्य ठेवा," साहेब म्हणाले. "जरा हालचाल, जरा संगीत. शब्द नकोत, बस."

मला वाटलं ताई आता टेबल उलटं करणार. मी तिचा हात घट्ट धरला. तर ती शांतपणे म्हणाली, "शब्द नकोत. बरं. हालचाल चालेल ना?"

"चालेल की."

बाहेर आल्यावर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "ताई, तुम्ही नाक घासून आलात! बारकीचं सगळं पुसून टाकलं त्याने आणि तुम्ही बरं म्हणालात!" ती उलट गालात हसत होती. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. माझा अबोला म्हणजे घरात काय शिक्षा असते ते विचारा कोणालाही, कारण एरवी माझं तोंड बंद नसतं.

तिसऱ्या दिवशी तिने मला नवी संहिता दिली. पहिला भाग तसाच. दुसऱ्या भागात एकही संवाद नव्हता. नुसते कंस. पानंच्या पानं कंस. मास्तरांनी शिकवलं होतं, पात्राने काय करायचं ते कंसात लिहायचं, त्याला रंगसूचना म्हणतात. मी वाचायला लागले. (ती दोन्ही डोळ्यांभोवती बोटांची गोल कडी करते. उजवा तळवा पुढे धरते, बोटं आपल्याकडे ओढते. तो दोन्ही तळवे उलटे करून झटकतो.) साहेबांनी कापलेलं वाक्य न वाक्य तिथे होतं. फक्त ते बोलायचं नव्हतं, करायचं होतं. आणि आमच्या रांगेत बसलेल्या कोणालाही ते मोठ्याने वाचल्यासारखं कळणार होतं.

"आणि ही बाई कोण करणार?" मी विचारलं.

"तू."

"मी? माझं तोंड बघून मला बिनबोलायचं काम? एक वाक्य तरी द्या हो!"

"तुझ्या हातांना तोंडापेक्षा जास्त वळण आहे," ती म्हणाली. आता ही स्तुती होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

मास्तरांनी ते वाचलं. सावकाश वाचलं, एकदा मागे जाऊन परत वाचलं. म्हणाले, "एवढ्या लांबलचक रंगसूचना कोणी लिहीत नाही, बाई."

"कंसातलं कोण वाचतं?" ताई म्हणाली.

"दिग्दर्शक वाचतो."

"मग?"

मास्तर खोकले, खोकत राहिले, आणि संहिता बंद करून म्हणाले, "मग दिग्दर्शक तालमीला लागतो."

साहेबांनी नवी संहिता उलटीपालटी केली, संवाद तेवढे वाचले, दुसऱ्या भागात संवादच नाहीत म्हणून खूश झाले आणि पानोपानी सही ठोकली. रंगीत तालमीलासुद्धा आले होते. आमचे हात बघून म्हणाले, "वा, कवायत छान बसलीय." मी तोंड फिरवून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर तिथेच खिंकाळले असते.

बारकीला आणायचं काम ताईचं. बारकी येईना. म्हणे, काळा चष्मा लावून लोकांत कशी येऊ. ताई तिच्या दारात बसून राहिली. "तू नाही आलीस तर मी इथेच बसते, नाटक गेलं खड्ड्यात. नाटकी आहे ना मी? मग बघ माझं नाटक." शेवटी बारकी आली. तिला आमच्या रांगेतल्या बायकांच्या मधे बसवलं.

पडदा वर गेला. पहिल्या भागाला सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्टीचा प्रवेश दोनदा करावा लागला. पहिल्या रांगेत मालक हसत होते, वेल्फेअरसाहेब मान वळवून मालक हसतायत का ते बघत होते आणि मग हसत होते. ताई विंगेत पडद्याचा दोर धरून उभी. ते काम तिने स्वतः मागून घेतलं होतं.

मग दुसरा भाग. संगीत बंद. मी मधे, माझ्यासमोर बाटल्यांची रांग. धुण्याच्या विभागातली उंच बाई सुपरवायझर झाली होती, खांद्याला शिट्टी. मी तिच्याकडे वळले. बोटांची कडी केली, डोळ्यांवर धरली. तळवा पुढे केला.

मागे कुठेतरी कोणाचातरी श्वास आत ओढला गेला तो मला रंगमंचावर ऐकू आला.

उंच बाईने तळवे उलटे करून झटकले. विंगेत मास्तरांनी लोखंडी बादलीत बाटली टाकली. मी डोळा दाबून खाली बसले. मग टेबल आलं, खुर्ची आली, कारकून झालेली बाई कानाला हात लावून एकेकीला विचारायला लागली आणि एकेक बाई मान हलवून नाही म्हणायला लागली. शेवटची बाई आली. तिने दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेली आणि माझ्याकडे रोखली. आमच्याकडे त्याचा अर्थ, मी पाहिलं. कारकून झालेलीने कागद दुमडला.

आणि तेव्हा मी समोर बघितलं. काय सांगू! सभागृहात हात वर. एक नाही, दोन नाही, रांगांच्या रांगा. सगळ्या बायका, आणि धुणीवाले, भरणीवाले पुरुषसुद्धा, दोन बोटं डोळ्यांशी नेऊन माझ्याकडे रोखत होते. मी पाहिलं. मी पाहिलं. कोणी हूं की चूं करत नव्हतं. आणि पहिली रांग! मालक, पाहुणे, साहेब, सगळे आमच्याकडे तोंड करून खुशाल बसलेले, पाठीमागे काय चाललंय याचा पत्ता नाही. साहेब तर कौतुकाने टाळी वाजवत होते. तेव्हा माझी ट्यूब पेटली की ताईने मास्तरांना ते का विचारलं होतं. रंगमंचावर नव्हतं ते पात्र. सोफ्यावर होतं.

त्यांच्या एकट्याच्याच टाळ्या वाजतायत हे साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे वळून बघितलं. मालकांनीही बघितलं. मालक म्हणाले, "हे सगळे काय करतायत?"

साहेब विंगेकडे बघून हातवारे करायला लागले. पडदा पाडा, पडदा! ताईने दोर मनगटाला गुंडाळला. साहेब उठून विंगेपाशी आले, दबक्या आवाजात ओरडले, "पडदा पाड म्हणतोय ना!"

ताई मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "प्रवेश संपलेला नाही."

"संहितेत पुढे काही नाही!"

"एक वाक्य होतं. तुम्ही कापलंत."

मालकांनी पुन्हा विचारलं, "अरे, पण हे काय म्हणतायत? कोणी सांगेल का मला?"

मी रंगमंचावर उभी, माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण मी कशी बोलणार, मला वाक्य नव्हतं. आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून एवढीशी आकृती उठून उभी राहिली. बारकी. तिने काळा चष्मा काढला. ती मालकांकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती, जणू तिचेच हात तिला परत मिळाले होते.

"मी चष्मा मागितला होता," ती म्हणाली. मग तिने वळून मालकांकडे पाहिलं आणि जास्त मोठ्याने म्हणाली, "मी विसरले नव्हते. मी मागितला होता. मला नाही म्हणाले."

ताईने दोर सोडला आणि पडदा पडला.

पडद्यामागे मी ताईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. ती रडली नाही. ती मास्तरांना म्हणाली, "आता सांगा, हा कुठला प्रकार?" मास्तर नुसते हात जोडून उभे होते.

मालकांनी त्याच समारंभात, पाहुण्यांसमोर, चौकशी पुन्हा होईल असं जाहीर केलं. चांगुलपणाने केलं म्हणता? छे हो! इतके हात मागे वर असताना माणूस दुसरं काय करेल? साहेबांनी ताईला दुसऱ्या दिवशी केबिनमधे बोलावून झापायला सुरुवात केली. तिने संहिता टेबलावर ठेवली, पानोपानी त्यांच्याच सहीची. "यातलं काय तुम्ही मंजूर केलेलं नव्हतं तेवढं दाखवा." त्यांनी कंस तेव्हा पहिल्यांदा वाचले असतील. तिची बदली फुटक्या काचेच्या आवारात केली, उन्हातान्हात काचा वेचायला. ती गेली. जाताना म्हणाली, "तिथे शांतता आहे, दुसरं नाटक लिहायला बरं." रांगेत मात्र चष्म्यांचं खोकं आलं, काही न बोलता, कुठलीही सूचना न लावता. मीच ते फोडलं आणि एकेकीच्या नाकावर चष्मा चढवला.

आणि मग ती दुसरी चौकशी. तेच टेबल, तोच कारकून. साहेब नव्हते, वरून दुसरा कोणी पाठवला होता, पण प्रश्नांचा कागद तोच जुना. या वेळी खोकीवाल्यांनाही बोलवा म्हणून आम्ही दारात ठाण मांडलं होतं. आदल्या संध्याकाळी ताईने सगळ्यांना कँटीनमधे बसवून एकच गोष्ट सांगितली होती. "चुकीच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलंत ना, की ते खोटं होतं. गेल्या वेळी आपण खरं बोललो आणि बारकीला बुडवलं. या वेळी आपले संवाद कोणी दुसरा लिहिणार नाही."

ताई पहिली आत गेली. मग दुसरी, तिसरी. दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं. प्रत्येकीला तोच प्रश्न आणि प्रत्येकीचं तेच उत्तर. कारकून घामाघूम झाला होता. मधेच पेन ठेवून म्हणाला, "अहो बाई, असं चालत नाही," तर आतली म्हणाली, "चालवा."

माझी पाळी आली. मी खुर्चीवर बसले, पाठ ताठ केली. आयुष्यभर बडबड केली, पण एवढ्या रुबाबात बोलायची वेळ कधी आली नव्हती. त्या नाटकात मला एक वाक्य मिळालं नव्हतं. ते आता मिळत होतं.

कारकुनाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागदावरून वाचलं, "तिने चष्मा मागितला हे तुम्ही ऐकलं का?"

"प्रश्न बदला," मी म्हणाले.